सोनटक्क्याचं पाखरू

आमच्या स्वयंपाकघरातला पाण्याचा फिल्टर एक तांब्या पाणी गाळून देतो आणि दोन तांबे मोरीत ओततो. काटकसर आमच्या घराण्याच्या हाडातच असल्यामुळे मला ते बघवेना. दोन वर्षांपूर्वी मी त्या वाया जाणाऱ्या पाण्याची नळी खिडकीतून बाल्कनीत काढली आणि तिचं तोंड अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपात सोडलं. नवरा म्हणाला, "डासांची सोय छान केलीस." शेजारच्या मालवणच्या वहिनी म्हणाल्या, "हळद लावलीत वाटतं, पातोळ्यांना पानं द्या हं." त्या पिंपात हळद नव्हती. सोनटक्का होता, आणि तो वीस-बावीस वर्षं माझ्याबरोबर भाड्याच्या घरांतून फिरत होता. पानं देत होता. फूल म्हणून कधी दिलं नव्हतं.

या वर्षी, घट बसायच्या दोन दिवस आधी, त्याच्या शेंड्याला हिरवा कोंब आला. पानाचा नव्हे. एकावर एक खवले बसवलेला, बोटभर लांब, घट्ट. मी चहा गॅसवर विसरले. सांगलीत दुसऱ्या मजल्यावर, खाली रिक्षांचा गोंगाट चालू असताना, मी त्या कोंबापुढे उकिडवी बसून रडले. पन्नाशीच्या तोंडावरच्या बाईनं झाडापुढे बसून रडावं हे काही बरं दिसत नाही, पण बाल्कनीत बघायला कोण येतं?

सोनटक्का हा फार उशिराचा गडी. सगळी फुलं श्रावण-भाद्रपदात मिरवून घेतात, गौरी-गणपतीला कामी येतात आणि मोकळी होतात. हा आपला पाय पाण्यात घालून उभा. पाऊस ओसरला, हवेत ओल तेवढी राहिली, की मग संध्याकाळी उमलतो. पांढरं, चार पाकळ्या हवेत सोडलेलं, नाजूक फूल. वास असा की दारातून आत येतो आणि घरभर बसून राहतो. फुलाचं आयुष्य मात्र एका दिवसाचं. आज सांजेला उमललं की उद्या सकाळी मलूल, दुपारपर्यंत खाली.

हे सगळं मला शालनकाकीनं शिकवलं. शालनकाकी म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्याची बायको. नव्वदीच्या दशकात, मी सहावीत असताना, ती आष्ट्याजवळच्या आमच्या गावात लग्न होऊन आली. काका फौजेत. हळद उतरायच्या आत त्याची रजा संपली आणि तो परत गेला. घरात माझी आई, वडील, मी आणि ही नवी काकी. आमचं हळदीचं घर. ऊस होताच, पण वडिलांचा जीव हळदीवर. तिच्या माहेरी भात आणि नाचणी. हळद तिनं डब्यात पाहिलेली, शेतात नव्हे.

माहेर तरी कुठलं म्हणायचं? शिराळ्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या घडीत त्यांचं गाव होतं. ते धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्याचं नाव आता नकाशावर नाही, म्हणून मीही लिहीत नाही. गावकऱ्यांना मिरजेच्या पलीकडच्या माळावर जागा मिळाली. ज्या माणसांना चार महिने पावसात कांबळं ओलं घेऊन फिरायची सवय, ती माणसं आता ढग बघून हरखायची आणि ढग पुढे निघून जायचे. काकीच्या वडिलांना सगळे आबा म्हणत, आम्हीही आबाच म्हणायचो. गाव सोडताना बाकीच्यांनी दारं, वासे, जाती, पाटे ट्रकवर चढवले. आबांनी ते चढवलेच, आणि वर ओढ्याकाठच्या सोनटक्क्याचे कंद घमेल्यात चिखलासकट भरून मांडीवर घेतले. वसाहतीत हापशाचं पाणी सांडायचं तिथे ते लावले. काही वर्षं त्यांनी कसाबसा तग धरला. मग एका उन्हाळ्यात हापसाच आटला.

पहिल्या आखाडाला काकी माहेरी गेली आणि परत आली तेव्हा तिच्या पिशवीत ओल्या फडक्यात बांधलेला एक कंद होता. वितभर, बोटांसारखा फुटलेला. शेवटचा तेवढाच उरला होता.

"आबा म्हनलं, हितं ऱ्हायला तर मरंल. तुमच्याकडं पानी हाय, तू ने."

परड्यात न्हाणीघराचं पाणी जिथे बाहेर पडायचं, तिथे तिनं तो लावला. शेजारी आईनं घरच्यापुरती चार सऱ्या हळद लावली होती. आई लांबून बघत होती. "हळदच की गं ही," ती म्हणाली. काकी नुसती हसली. नव्या सुनेनं थोरल्या जावेला खोडून काढायचं नसतं.

त्या वर्षी तो फुलला नाही. दसऱ्याला आबा सोनं द्यायला आले. उंच, वाळके, धोतर गुडघ्याच्या वर, आवाज मात्र ओढ्यापलीकडे हाक मारायची सवय असल्यासारखा. चहा व्हायच्या आत ते परड्यात गेले, उकिडवे बसले आणि पान बोटांत धरून बघत राहिले. मी मागे मागे होतेच.

"पयल्या साली कुटला फुलतोय?" ते म्हणाले. "नव्या सुनंगत हाय ते. बुजतंय. फुडच्या साली बघ."

मग मला पाखराबद्दल सांगितलं. माझ्याशी एवढं लांबलचक बोलणारं तेव्हा दुसरं मोठं माणूस नव्हतं, म्हणून मला ते शब्दशः आठवतं.

"सांजच्याला पाखरू येतंय यावर. माशी न्हवं, चांगलं बोटाएवढं. बसत न्हाई. उडता उडताच लांब सोंड घालतंय आन मध पितंय. आमच्या वड्याला दिवं लागायच्या वक्ताला नुसतं घुमायचं बग."

"मग तिकडं वसाहतीत?" मी विचारलं.

"तितं घरं झाली. सडक झाली. देऊळबी झालं. पाखरू काय आलं न्हाई." त्यांनी पान सोडलं. "फूल काय, फडक्यात बांदून कुटंबी नेता येतंय पोरी. पाखरू न्हाई नेता येत. ते आपलं आपन येतंय. ते आलं म्हंजी समजायचं, गाव झालं."

मला ते तेव्हा गंमतीचं वाटलं. रात्री जेवताना मी वडिलांना विचारलं, आपल्या गावात कुठलं पाखरू येतं? वडील म्हणाले, "हळदीचा व्यापारी." सगळे हसले. काकीही हसली, पण जरा उशिरा.

आता हळदीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. हळदीच्या घरात वाढलेल्या पोराला एक गोष्ट अक्षरओळखीच्या आधी कळते. पान पिवळं पडलं की कंद काढायचा. मातीत ठेवायचा नाही. पाला कापायचा, कुदळीनं गड्डे उपसायचे, मोडायचे, जाडजूड असतील ते बेण्याला बाजूला, बाकीचे काहिलीत शिजवायचे. शिजवून वाळवल्याशिवाय हळकुंड होत नाही. बेणं झाडाखाली सावलीत पाल्यानं झाकून ठेवायचं आणि वैशाखात पुन्हा लावायचं. पिवळं पडलेलं पीक रानात दिसलं की आमच्या हाताला कंड सुटायचा. जगात असंही काही असतं जे पिवळं पडलं तरी जागेवर सोडायचं असतं, जे वर्षानुवर्षं त्याच मातीत थांबतं तेव्हा फुलतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

महाशिवरात्रीच्या सुमाराला हळद निघाली. त्याच आठवड्यात वसाहतीतून निरोप आला, आबांना दम लागतोय. काकी गेली. ती गेल्यावर परड्यात मुद्दाम तांब्याभर पाणी घालणारं कुणी उरलं नाही आणि सोनटक्क्याची पानं खालून पिवळी पडायला लागली.

रविवार होता. काढणीला बायका होत्या, त्यांत वत्सलामावशी. ती बौद्धवाड्यातली, आमच्या रानात वर्षानुवर्षं येणारी. कंद मोडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. हळदीचा गड्डा हातात आला की तो बेण्याचा की काहिलीचा, हे ती न बघता सांगायची. वडील तिला म्हणाले, "परड्यातल्या चार सऱ्याबी काढून घे." मी पाणी घेऊन गेले होते. सऱ्या निघाल्या. मी सोनटक्क्याकडे बोट केलं.

"मावशी, हेबी काढ. पिवळं पडलंय. काकीचं हाय, कुजंल."

तिनं कुदळ टेकवली. "हे हळदीगत काढत्यात व्हय गं? तुज्या काकीला येऊ दे की. इचारू तिला."

"मला ठावं हाय," मी म्हणाले. मालकाची पोर म्हणते तसं म्हणाले. तो सूर मला आजही ऐकू येतो आणि कान गरम होतात.

तिनं काढलं. सात-आठ महिन्यांत तो कंद दुप्पट झाला होता. मी माती झटकली, घमेल्यात ठेवला. काकी आली की तिच्या हातात द्यायचा, ती खूश होईल, वैशाखात आपण दोघी लावू, असं सगळं माझ्या डोक्यात पक्कं होतं. घमेलं उचलून मी खळ्यावर आणलं आणि हळदीच्या ढिगाशेजारी टेकवलं. एवढ्यात कुणीतरी ओरडलं की सिनेमा लागला. रविवारी चारला टीव्हीवर मराठी सिनेमा लागायचा. मी पळाले.

सिनेमा कुठला होता ते आठवत नाही. परत आले तेव्हा काहिलीखाली जाळ होता, वाफेनं खळं भरलं होतं आणि माझं घमेलं रिकामं, पालथं पडलं होतं.

मी कुणालाही काही बोलले नाही. काहिलीत वाकून बघितलं. पिवळ्या फेसाखाली काही दिसत नव्हतं. सांगितलं असतं तरी काय उपयोग होता, असं मी स्वतःला समजावलं. अजूनही कधी कधी समजावते.

काकी आठ दिवसांनी आली. हातपाय धुवायला न्हाणीकडे गेली ती तिथेच थांबली. मग तिनं काही न विचारता वाळवणावर जाऊन हळकुंडं चाळायला सुरुवात केली. शिजलेली हळद उन्हात पडली होती आणि तिच्यात मळकट पांढरे, सुरकुतलेले तुकडे होते. तिनं ते एकेक वेचून पदरात घेतले. सात निघाले.

आई बाहेर आली. तिला काय झालं ते कळलं आणि ती समोर दिसेल त्यावर घसरली. समोर वत्सलामावशी होती.

"डोळं फुटलं हुतं काय गं? हळद कुटली आन दुसरं कुटलं कळंना तुला? इतकी वर्सं येतीस!"

वत्सलामावशी हळकुंडं पसरत होती. तिनं हात थांबवला. आईकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे, नुसतं बघितलं, आता ही काय करते ते बघावं तसं. मी दाराच्या आत सरकले. ती पुन्हा हळकुंडं पसरायला लागली.

शिजलेला कंद उगवत नाही हे हळदीच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. काकीलाही एव्हाना कळत असणार. तरी तिनं ते सात तुकडे त्याच जागी लावले आणि महिनाभर रोज सकाळी पाणी घातलं. घरात कुणी तिला हटकलं नाही. पाडव्यानंतर एक दिवस तिनं पाणी घालणं थांबवलं. आईनं तिथे अळू लावला.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात वसाहतीतलं जे कुणी आष्ट्याच्या बाजाराला येई त्याच्याबरोबर आबांचा निरोप असे. तब्येतीचा एक शब्द नाही. "सोनटक्का कसा हाय?" काकी पहिल्यांदा म्हणाली, "बरा हाय." मग म्हणाली, "लय पानं आल्यात." भाद्रपदात म्हणाली, "कोंब धरलाय म्हनावं." निरोप्या गेल्यावर ती चुलीपुढे बसली आणि बराच वेळ फुंकणी हातात धरून राहिली. जाळ चांगला लागलेला होता.

एक थाप मारली की तिला पाणी घालत राहावं लागतं. कोंब धरला म्हटल्यावर आबा घरी थांबणार थोडेच? नवरात्रात, दुसऱ्या माळेला, ते आले. एकटे. तीन एसट्या बदलून, काठी टेकत. वर्षभरात माणूस अर्धा झाला होता. दारात बसून त्यांनी आधी श्वास गोळा केला. आईनं पाणी दिलं ते तसंच हातात.

"कुटं हाय?"

काकी त्यांना परड्यात घेऊन गेली. मी चहाची कपबशी घेऊन मागे. न्हाणीच्या पाण्यावर अळूची पानं छत्रीएवढी झाली होती. काकीनं भिंतीला हात टेकवला.

"काल फुललं हुतं, आबा. गळालं."

आबा अळूकडे बघत राहिले. मग खाली वाकून त्यांनी अळवाच्या दोन देठांमधली ओली माती चिमटीत घेतली, चोळली, टाकली.

"पाखरू?"

"आलं हुतं."

"मोटं?"

"व्हय. सोंड घालून पिऊन गेलं."

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात जरा वेळ तिथेच राहिला. "मग झालं," ते म्हणाले.

चहा त्यांनी बशीत ओतून शांतपणे प्यायला. मला विचारलं, कितवीत गेलीस? सातवीत म्हटलं. "शिक," म्हणाले. तीनच्या गाडीनं परत गेले. थांब्यापर्यंतची वाट आमच्या हळदीच्या रानाला लागून होती. काकी त्यांना सोडायला गेली, आणि दोघं त्या रानाच्या बांधावरून चालत गेली.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी आबा गेले.

काकी दिवस करून परत आली त्यानंतरची गोष्ट. दिवाळी तोंडावर होती, घरात फराळाची भांडी निघाली होती. उन्हं कलताना वत्सलामावशी परड्याच्या दाराशी आली. शेळीला गवत कापायला ती आमच्या बांधावर जायची. इतकी वर्षं आमच्या रानात राबूनही ती कधी उंबऱ्याच्या आत येत नसे, आणि तिला कुणी ये म्हणतही नसे. हे मला तेव्हा खटकलं नव्हतं. तिनं आईला नाही, काकीला हाक मारली.

"धाकट्या वैनी, तुमचं पांढरं फूल रानात हाय."

काकी पिठाच्या हातानं निघाली. मी तिच्या मागे. रानाच्या दुसऱ्या टोकाला, हळदीच्या गर्दीत, हळदीहून हातभर उंच असा सोनटक्का उभा होता. आमच्या हळदीचं खत, हळदीचं पाणी, हळदीची भांगलण खाऊन माजलेला. पाच-सहा दांडे होते. दोनांवर फुलं होती. आणि एक दांडा पुरता फुलून वाळला होता. त्याचे खवले तपकिरी होऊन उघडे पडले होते. काकीनं त्या वाळक्या दांड्याला बोटं लावली.

"ह्यो कवा फुलला आसंल, वत्सला?"

"झालं की म्हैना तरी."

म्हणजे घट बसले तेव्हा. म्हणजे आबा या बांधावरून थांब्याकडे गेले तेव्हा इथे, हळदीच्या पानांत, वीस पावलांवर. दुपारची वेळ, वारा उलटा असणार. सोनटक्का वास सोडतो तो सांजेला.

आम्ही तिघी तिथेच उभ्या राहिलो. उजेड कमी झाला तशी दोन कळ्या आमच्या देखत सुटल्या. आणि मग ते आलं. आधी आवाज, मग सावली, मग ते स्वतः. करडं, बोटाएवढं, पंख दिसू नयेत इतक्या वेगात. फुलासमोर हवेत थांबलं, सोंड आत घातली, पुढच्या फुलाकडे गेलं.

काकी मोठ्यानं रडली. आबांच्या दहाव्यालाही ती तशी रडली नव्हती म्हणे. "आलं वं आबा," ती म्हणत होती, "आलं बघा वं." वत्सलामावशीनं विळा खाली ठेवला आणि तिला धरलं. मी हळदीत उभी होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. मग वाटलं, आत्ता नको, ती रडतेय.

आत्ता नको म्हणता म्हणता बारा वर्षं गेली. माझं लग्न ठरलं. पाठवणीच्या आदल्या दिवशी काकीनं रानातल्या त्या झाडाचा कंद काढून आणला आणि ओल्या फडक्यात बांधायला बसली. मला एकदम राहवेना. मी सगळं सांगितलं. कुदळ, घमेलं, सिनेमा.

काकीनं गाठ मारली. दुसरी मारली. वर बघितलं नाही.

"मला कशाला सांगतीस? बोलनी कुनी खाल्ली?"

मी तशीच मेंदीच्या हातांनी बौद्धवाड्यात गेले. वत्सलामावशी अंगणात शेंगा फोडत होती. तिची मुलगी तेव्हा मिरजेला नर्सिंग शिकत होती, तिचा फोटो भिंतीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीच्या खाली. मी उभ्या उभ्या बोलले. तिनं ऐकून घेतलं.

"म्या बोलले न्हाई ते तुज्यासाटी न्हवं," ती म्हणाली. "बोलून कुनाला खरं वाटलं आसतं?" मग शेंगा फोडत फोडत, "काडताना कंदाचा येक डोळा तुटला हुता. म्हनलं आसू दे, बेन्यात टाकला. मला त्या दिशी कुनी इचारलं आसतं तर ढिगातनं तवाच काडून दिला आसता. इचारलं न्हाई कुनी. बोलनी तेवडी दिली."

तिनं मला शेंगदाणे दिले. मी ते घेऊन घरी आले. एवढंच. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मीही नंतर कधी विचारलं नाही. फाल्गुनात बेण्याच्या ढिगात तो डोळा होता. काकी सात शिजलेल्या तुकड्यांना पाणी घालत होती तेव्हा खरा जिवंत तुकडा पन्नास पावलांवर पाल्याखाली झाकलेला होता. कुणी एका बाईला नीट विचारलं असतं तर आबा आले त्या दिवशी परड्यात फूल असतं. हा हिशेब मी फार वेळा केला आहे. उत्तर बदलत नाही.

काल संध्याकाळी पिंपातलं पहिलं फूल उमललं. दिवा न लावता मी बाल्कनीत बसले. वास आला, खाली रिक्षावाला वर बघून गेला. पाखरू आलं नाही. आज सकाळपर्यंत फूल मलूल झालं आणि दुपारी फरशीवर पडलं. मी ते उचललं आणि झाडाकडे बघितलं. दांडा होता तसा उभा होता. खवल्यांचा कोंब, पानं, सगळं जागेवर. महिनाभर तो असाच उभा राहणार, वाळणार, तपकिरी होणार. रानातला तो वाळका दांडा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. आणि तरी आज, हातात मलूल फूल धरून, पन्नाशीला आल्यावर, मला पहिल्यांदा कळलं.

फूल एका दिवसात गळतं. झाड एका दिवसात जात नाही. काल फुललं होतं म्हणणाऱ्या लेकीनं आबांना अळू दाखवला होता. ओढ्याकाठी जन्म गेलेल्या माणसाला, मांडीवर घमेलं घेऊन गाव सोडलेल्या माणसाला, अळू कळत नव्हता का? त्यांनी माती चिमटीत घेऊन बघितली होती. त्यांना सगळं कळलं होतं. तरी त्यांनी विचारलं, पाखरू? मोटं? आणि ती जे जे म्हणाली ते सगळं घेतलं, जसं लेकीच्या घरी वाढलेलं घ्यायचं असतं. मग तीन एसट्या बदलून रिकामे परत गेले.

मी ते फूल पिंपातल्या मातीवर ठेवलं. ठरवलं, की हे काकीला सांगायचं नाही. एवढी वर्षं तिनं आबांच्या मरणाचं दुःख एकाच गोष्टीवर पेललं आहे, की ते समाधानानं गेले. ते तिच्याकडून काढून घेणारी मी कोण? एकदा उपटलं तेवढं पुरे.

पण फूल आलं हे तर सांगायला हवंच. मी फोन लावला. काकी आता साठीला टेकलेली, गुडघ्यांनी त्रासलेली. काका निवृत्त होऊन टीव्हीचा आवाज मोठा करून बसतो, तो मागे ऐकू येत होता.

"काकी, सोनटक्का फुलला."

"आगं बया! पिपात?" ती हसली. "कवा?"

"काल. आज गळालं."

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. तिनंच कुणाला तरी खूण केली असावी.

"पाखरू आलं हुतं का गं?"

मी बाल्कनीकडे बघितलं. समोरच्या इमारतीत दिवे लागत होते.

"आलं हुतं," मी म्हणाले.

"मोटं?"

"व्हय."

मला तिचा श्वास ऐकू येत होता.

"मग झालं," ती म्हणाली. आणि मग, अगदी हळू, "दांडा तेवढा कापू नको बाय. फूल गळालं तरी त्यो ऱ्हातोय. आबांनाबी ठावं हुतं."